घरगुती मत्स्यगृहाची आखणी व उभारणी

पुणें शहरांत शोभेचे मासे पाळण्याची हौस नवी नाहीं. दिवाणखान्यांत एखादी काचेची पेटी व तींत चार रंगीत मासे, एवढ्यावर बहुतेकांची हौस भागते. प्रस्तुत लेखांत त्या पेटीचा विचार केलेला नाहीं. एकाच खोलींत दहा-बारा टाक्या मांडावयाच्या, त्यांत मासे वाढवून त्यांची पैदास करावयाची व ते शहरांतील दुकानदारांस विकावयाचे, अशा खोलीचा विचार येथें कर्तव्य आहे. तिला आम्ही मत्स्यगृह असें म्हणूं.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, मत्स्यगृहास लागणाऱ्या तीन गोष्टी शहरांतील हौशी मनुष्यापाशीं क्वचितच असतात; हवेली, मुळशी, मावळ, पुरंदर ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यापाशीं मात्र त्या बहुधा असतात. पहिली, जमिनीस टेकलेली मजबूत खोली. दुसरी, स्वतःचें पाणी. आणि तिसरी, वापरलेलें पाणी जिरविण्यास जागा. शहराची पेठही जवळच आहे. इतकें असूनही हें काम पुष्कळांस साधत नाहीं, त्याचें कारण बहुधा क्रम चुकतो हें होय. मासे आधीं येतात, टाक्या घाईनें मांडल्या जातात, आणि पाण्याचा विचार मासे मरूं लागल्यावर सुरू होतो. जो शेतकरी नांगरट व कुळवणी झाल्याविना बीं टाकीत नाहीं, त्यानें मत्स्यगृहांतही तोच क्रम राखावा: आधीं जागा, मग पाणी, मग टाक्या, मग त्या टाक्यांचें मुरणें, आणि सर्वांच्या शेवटीं मासा. पुढील विवेचन ह्याच क्रमानें केलें आहे.

पूर्वेतिहास

माशांचा विनोदासाठीं उपयोग आपल्या दक्षिणेंत प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें स्वतंत्र प्रकरण असून, त्यांत माशांच्या जातींचें व त्यांस घालावयाच्या आमिषांचें वर्णन आहे. परंतु काचेच्या भांड्यांत मासे दीर्घकाळ जिवंत ठेवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकांतील आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं १८५० च्या सुमारास एका भांड्यांत दोन गोल्डफिश व पाण्यांत उगवणारी एक वनस्पति ठेविली. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यांनीं त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं व भांडें सुधारलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. आपल्या इलाख्यांत मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं झालें.

वॉरिंग्टन ह्यांच्या प्रयोगाचा बोध आजही लागू आहे. भांड्यांत जें कुजतें तें कोणी तरी पचविलें पाहिजे. तें कोण पचवितें हें पुढें येईल.

जागा

मत्स्यगृहासाठीं तळमजल्याचीच खोली घ्यावी. ह्याचें कारण हिशेबानें दाखवितां येतें. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी टाकी घेतली तर तिचें माप सुमारें साडेपांच घनफूट होतें. एका घनफुटांत सुमारें २८ लिटर पाणी मावतें. टाकी कांठोकांठ न भरतां १४० लिटर पाणी धरलें, तर त्याचें वजन १४० किलो झालें. काच आठ मिलिमीटर जाडीची असल्यास तिचें वजन सुमारें ३० किलो येतें. म्हणजे एका भरलेल्या टाकीचें वजन १७० किलो. अशा सहा टाक्या दोन थरांत एका मांडणीवर ठेविल्या, तर मांडणीचें लोखंड सोडून एक हजार किलोंहून अधिक भार साडेनऊ फूट लांब व दीड फूट रुंद एवढ्या जागेवर पडतो. चौरस मीटरास हा भार ७५० किलोंच्या वर जातो. राहत्या घराच्या वरच्या मजल्याची जमीन सामान्यतः चौरस मीटरास सुमारें २०० किलो चलभार धरून बांधलेली असते. हे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे माडीवर मत्स्यगृह कां करूं नये हें निराळें सांगावयास नको.

शेतकऱ्याच्या वाड्यांतील रिकामी पडवी, जुनी कोठीची खोली किंवा गोठ्याचा बंदिस्त भाग ह्या कामीं येईल. मात्र जेथें खतें, बीं-बियाणें किंवा औषधें ठेविलीं होतीं ती खोली घेऊं नये. जमीन फरशीची किंवा कोब्याची असावी व तिला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तेथें मोरी काढावी. मत्स्यगृहांत पाणी सांडतेंच. तें कोठें जावें हें आधीं ठरलेलें बरें. पश्चिमेची भिंत उन्हानें तापते, सबब तिच्या लगत टाक्या लावूं नयेत. खिडकी उत्तरेस असल्यास उत्तम. थेट ऊन टाकीवर पडलें तर पाणी हिरवें होतें व काचेवर शेवाळ चढतें.

मांडणी

बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी खोली नमुन्यादाखल घेऊं. उत्तर व दक्षिण ह्या दोन लांब भिंतींस एक एक मांडणी लावावी. प्रत्येक मांडणीवर दोन थर व प्रत्येक थरांत वरील मापाच्या तीन टाक्या, मिळून बारा टाक्या होतात. प्रत्येक भिंतीशीं अडीच फुटांची जागा उरते. एकीकडे साठ्याची टाकी व दुसरीकडे कामाचें मेज बसेल. मधील वाट सात फूट राहते. नवशिक्यास हा पसारा मोठा वाटेल, परंतु पैदास करावयाची असल्यास नर व मादी, पिलें व वाढते मासे निराळे ठेवावे लागतात. चार टाक्यांत तें भागत नाहीं.

मांडणी लोखंडी अँगलची जोडून घ्यावी व तिला गंज न चढे असा रंग द्यावा. खालचा थर जमिनीपासून एक फूट उंच ठेवावा. खालच्या टाकीच्या वर हात व जाळें घालण्यास सव्वा फूट मोकळी जागा सोडावी. म्हणजे वरच्या थराचा तळ साडेतीन फुटांवर येतो, व त्यांतील माशांची पाहणी उभ्यानें करितां येते. टाकीच्या तळाखालीं थर्मोकोलचा तक्ता घालावा. फळी किंचित् उंचसखल असली तरी काच तडकत नाहीं. टाकी भरण्यापूर्वीं मांडणी पाणसळीनें तपासावी. नव्या टाकीची सिलिकॉनची जोड पूर्ण वाळल्यावर ती अंगणांत भरून दोन दिवस तशीच ठेवावी व गळत नाहीं ही खात्री झाल्यावरच आंत न्यावी.

पाणी

पुणें जिल्ह्यांत दोन प्रकारचें पाणी हातीं येतें, व त्यांचा स्वभाव भिन्न आहे. शहरास मिळणारें पाणी मुख्यतः खडकवासला धरणांतून येतें. हें धरण १८६९ ते १८७९ ह्या काळांत मुठा नदीवर बांधलें गेलें, व त्याच्या वरच्या अंगास पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें आहेत. हें सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचें पाणी असल्यानें तें मृदु असतें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी काळ्या पाषाणांतून झिरपून येतें. त्यांत चुना व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार असतात, सबब तें बहुधा जड असतें व त्याचा सामू चढा असतो. जमिनीचा सामू आपण तपासून घेतों, तसाच पाण्याचाही सामू व जडपणा मासे आणण्यापूर्वीं तपासून घ्यावा.

कोणतें पाणी चांगलें व कोणतें वाईट असा हा प्रश्न नाहीं. कोणत्या पाण्यांत कोणता मासा, असा आहे. जड पाण्यांत गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे मासे उत्तम वाढतात. मृदु पाण्यांत टेट्रा व एंजल ह्यांस मानवतें. काळ्या जमिनींत व माळावर एकच पीक घेण्याचा हट्ट कोणी धरीत नाहीं. येथेंही तो धरूं नये. जें पाणी आपल्या दारीं बारा महिने आहे त्याला जुळता मासा निवडावा.

नळाच्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन घातलेलें असतें. तें माशांच्या कल्ल्यांस जाळतें. असें पाणी साठ्याच्या टाकींत घेऊन त्यांत हवेची नळी सोडून चोवीस तास ठेवावें. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, शंभर लिटरांस एक ग्रॅम ह्या प्रमाणानें विरघळवून घालावें. पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ होतें, त्यामुळें शुद्धीकरणांत तुरटी व क्लोरीन ह्यांचें प्रमाण वाढूं शकतें. त्या दिवसांत पाणी दुप्पट काळ मुरूं द्यावें व एका वेळीं थोडेंच बदलावें. कालव्याचें पाणी मत्स्यगृहांत आणूं नये, कारण वरच्या शेतांतून त्यांत काय मिसळलें हें कळत नाहीं. शहराच्या खालच्या अंगाचें मुळा-मुठेचें पाणी तर सर्वथा वर्ज्य समजावें. टँकरचें पाणी कोठलें हें समजल्याविना घेऊं नये.

बारा टाक्यांचें पाणी १,६८० लिटर होतें. आठवड्यास चौथा हिस्सा बदलावयाचा तर ४२० लिटर लागतात. सबब साठ्याची टाकी ५०० लिटरांहून लहान नसावी.

टाकी मुरविणें

सर्व विषयांत हा भाग महत्त्वाचा आहे, व शेतकऱ्यास तो इतरांहून लवकर समजेल. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलें खाद्य कुजूनही तोच उत्पन्न होतो. अमोनिया माशांस विषारी आहे. पाण्यांतील एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात. हें नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, व तें बेताच्या प्रमाणांत माशांस सोसतें. शेतांत घातलेल्या अमोनियम सल्फेटचें पिकास घेतां येईल असें नायट्रेट ज्या क्रियेनें होतें, तीच ही क्रिया. ती सजीवांकडून होते हें श्लेसिंग व म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें. त्यांनीं घाण पाणी वाळूच्या थरांतून सावकाश झिरपविलें होतें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्यांनीं तीं क्रिया करणारे जंतु वेगळे काढले.

नव्या टाकींत हे जंतु जवळ जवळ नसतात. त्यांची वस्ती गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर व काचेवर हळू हळू बसते, व त्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी स्वच्छ दिसते म्हणून कोणी पहिल्याच दिवशीं तींत पन्नास मासे सोडतो. आठ-पंधरा दिवसांत अमोनिया सांचून ते मरतात, व दोष मासे विकणाऱ्यास दिला जातो. कच्चें शेणखत पिकाच्या मुळाशीं घालूं नये हें ज्यास ठाऊक आहे, त्यास न मुरलेल्या टाकींत मासा सोडूं नये हें पटण्यास अडचण पडूं नये.

मुरविण्याची रीत अशी. टाकी भरून हवा सुरू करावी. रसायनांच्या दुकानांतून शुद्ध नवसागर आणून १४० लिटरांस एक ग्रॅम घालावा. दर दोन दिवसांनीं अमोनिया व नायट्राइट तपासावें. तपासणीचा संच बाजारांत मिळतो. अमोनिया उतरला कीं पुन्हां तेवढाच नवसागर घालावा. एक ग्रॅम घातल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं म्हणजे टाकी मुरली. मग अर्धें पाणी बदलून थोडे मासे सोडावे.

येथें दोन सूचना अवश्य आहेत. पहिली मृदु पाण्याविषयीं. अमोनियाचें नायट्रेट होतांना पाण्यांतील क्षारता खर्च होते. वर्षानुवर्षें अमोनियम सल्फेट घातलेल्या हलक्या जमिनीचा सामू उतरतो व तीस चुना द्यावा लागतो, तसेंच येथें घडतें. सामू फार उतरला कीं जंतूंचें काम मंदावतें व अमोनिया सांचूं लागतो. सबब मृदु पाण्याच्या टाकींत शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे चार खडे फडक्यांत बांधून ठेवावे, व सामू दर आठवड्यास पाहावा.

दुसरी सूचना जड पाण्याविषयीं. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं असतो, व त्यांपैकीं एकच रूप तीव्र विषारी आहे. उष्णमान २५ अंश असतां सामू ७ असेल तर हा विषारी भाग शेंकडा अर्ध्याच्या किंचित् वर असतो; सामू ८ झाल्यास तो शेंकडा पांचांच्या वर जातो. म्हणजे तितक्याच अमोनियाचें विष सुमारें दहापट होतें. बोअरच्या पाण्यावर मासे पाळणारानें म्हणूनच खाद्याच्या बाबतींत हात आखडता ठेवावा.

हवा व वीज

प्रत्येक टाकीस निराळा पंप घेण्यापेक्षां खोलीस मिळून एक चांगला हवेचा पंप घ्यावा. त्याची हवा भिंतीवरून फिरविलेल्या पी.व्ही.सी. नळींतून नेऊन प्रत्येक टाकीस बारीक नळीनें द्यावी व तिला तोटी बसवावी. टाकींत स्पंजाची गाळणी ठेवावी. हवेच्या बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजांतून ओढलें जातें, केर अडकतो व वर सांगितलेले जंतु तेथेंच नांदतात. गाळणी साधी, स्वस्त व पिलांस निर्धोक आहे. पंप टाक्यांच्या पाण्याच्या पातळीहून उंच बसवावा. नाहीं तर वीज जातांच पाणी नळींतून उलट वाहून पंपांत शिरतें.

पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंशांस लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस साडेसात मिलिग्रॅम. उन्हाळ्यांतील रात्रीं वीज गेली तर दाट वस्तीच्या टाकींतील मासे कांहीं तासांतच वर येऊन धापा टाकूं लागतात. सबब बॅटरीवर चालणारा लहान पंप किंवा इन्व्हर्टरची जोड पहिल्या दिवसापासून असावी. ही चैन नव्हे. विहिरीवर मोट असे तेव्हां दुसरी बैलजोडी राखण्यासारखीच ही सोय आहे.

पाणी व वीज एकत्र आलीं म्हणजे मनुष्याच्या जिवाचाही प्रश्न येतो. खोलीच्या वीजपुरवठ्यावर गळती होतांच प्रवाह तोडणारें आर. सी. सी. बी. यंत्र बसवावें. खटके टाक्यांच्या वर व बाजूस असावेत. प्रत्येक तार खटक्यापाशीं जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोळापाशींच ठिबकून जातें. टाकींत हात घालण्यापूर्वीं तापकाचा खटका बंद करण्याची संवय घरांतील सर्वांस लावावी.

थंडी व ऊन

पुण्याची हवा एरवीं माशांस चांगली आहे, पण हिंवाळ्याच्या रात्रीं सावध असावें. पारा दहा अंशांखालीं जाणें येथें नवल नाहीं. १९३५ च्या जानेवारींत तो १.७ अंशांपर्यंत उतरला होता. उष्ण प्रदेशांतील मासे पाणी वीस अंशांखालीं गेलें कीं सुस्तावतात व त्यांस रोग जडतो. तापक लावावयाचा तर दर लिटरास एक वॅट हें ढोबळ प्रमाण धरितात. बारा टाक्यांस हा खर्च जड जाईल, म्हणून आधीं खोलीच गरम राहील अशी तजवीज करावी. कौलांखालीं तक्तपोशी करावी, दाराखिडक्यांच्या फटी बुजवाव्या, टाक्यांच्या मागें थर्मोकोल लावावा, वर झांकण ठेवावें. मग तापक पिलांच्या व नाजुक जातींच्या टाक्यांपुरतेच लागतील. गोल्डफिशला थंडी मानवते. त्याच्या टाकीस तापक नको. झांकणाचा दुसरा उपयोग असा कीं, साठ्याच्या पाण्यांत डांसांची पैदास होत नाहीं. मत्स्यगृहामुळें घरांत हिंवताप किंवा डेंग्यू शिरणें लाजिरवाणें होय.

माशांची निवड

आरंभ गप्पी, मॉली व प्लॅटी ह्यांनीं करावा. हे पिलें घालणारे मासे आहेत. मादी सुमारें चार आठवड्यांनीं वितें. पिलें आईबापांच्या तोंडीं पडतात, म्हणून त्यांच्यासाठीं टाकींत दाट पाणवनस्पति ठेवावी किंवा मादीस वेळींच निराळी करावी. १४० लिटरांच्या मुरलेल्या टाकींत वाढलेले चाळीसांहून अधिक गप्पी ठेवूं नयेत; गोल्डफिश असल्यास तीन-चारच. बियाण्याप्रमाणें मासेही एका खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. मुंबईस कुर्ल्याचा बाजार ह्या मालासाठीं प्रसिद्ध आहे, परंतु तेथें अनेक ठिकाणचा माल एकत्र येतो हें ध्यानांत ठेवून पुढील नियम पाळावा.

नवा मासा थेट मत्स्यगृहांत नेऊं नये. पडवीवर एक विलग टाकी ठेवावी. तिचें जाळें, नळी व बादली सर्व निराळें असावें. नवीन माल तींत तीन ते चार आठवडे पाहावा. अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, मिटलेले पर किंवा पोट खपाटीस जाणें ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर तो माल पुढें नेऊं नये. लिटरास एक ते दोन ग्रॅम साधें मीठ पुष्कळ किरकोळ विकारांवर उपयोगी पडतें. लाळ्या-खुरकताच्या दिवसांत बाजारांतून आणलेला बैल जसा आपण गोठ्यापासून दूर बांधतों, त्याहून हें वेगळें नाहीं.

नित्यक्रम

सकाळीं प्रत्येक टाकीपुढें क्षणभर उभें राहून मासे मोजावे. मेलेला मासा तेव्हांच काढावा. खाद्य दिवसांतून दोनदां, पांच मिनिटांत संपेल इतकेंच. गांडूळखताच्या ढिगांतील बारीक गांडुळें धुवून चिरून दिल्यास मासे आवडीनें खातात व खर्चही वांचतो. आठवड्यास एकदां नळीनें तळचा केर ओढून चौथा हिस्सा पाणी काढावें. स्पंज नळाखालीं धुवूं नये. क्लोरीननें जंतु मरतात. काढलेल्या टाकीच्या पाण्यांतच तो दोनदां पिळावा. हें पाणी नायट्रेटयुक्त असल्यानें परसांतील भाजीस व फुलझाडांस चांगलें. मीठ किंवा औषध घातलेलें पाणी मात्र झाडांस घालूं नये. टाकीवार एक वही ठेवून पाण्याचा सामू, उष्णमान, बदललेलें पाणी व मेलेले मासे ह्यांची नोंद करावी. तीन महिन्यांनीं तीच वही उत्तम मार्गदर्शक होते.

फवारणीचा धोका

शेतकऱ्याच्या मत्स्यगृहास एक धोका विशेष आहे. पिकांवर मारावयाचीं पायरेथ्रॉइड जातीचीं कीटकनाशकें माशांस अत्यल्प प्रमाणांतही मारक आहेत. बोर्डो मिश्रणांतील मोरचूद तसाच, व मृदु पाण्यांत तो अधिकच भोंवतो. फवारणी करून आलेल्या माणसानें स्नान करून कपडे बदलल्याविना खोलींत पाऊल टाकूं नये. फवारणीची बादली, मोजपात्र किंवा नळी मत्स्यगृहांत कधींही वापरूं नये. हवेचा पंप ज्या बाजूनें हवा ओढतो त्या बाजूस फवारणी चालली असतां पंप बंद करून बॅटरीचा पंप आंतल्या आंत चालवावा. घरांतील डांस मारण्याचीं औषधेंही ह्याच वर्गांत मोडतात.

नदीशीं आपलें कर्तव्य

मासे फार झाले, विकले गेले नाहींत, कंटाळा आला, म्हणून ते ओढ्यांत किंवा विहिरींत सोडण्याची प्रवृत्ति पुष्कळांत आहे. दया म्हणून केलेलें हें कृत्य अपाय करितें. बाहेरून आलेला चिलापी मासा आज उजनीच्या जलाशयांत किती पसरला आहे हें तेथील कोळी बांधव सांगतील. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. तो देशांतील अनेक जलाशयांत सुटून तेथें वाढला आहे, व त्याच्या कांटेरी अंगानें जाळीं फाटतात. मुंबई सरकारच्या नोकरींत दक्षिणेची पाहणी करणारे कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां एका गटास त्यांनीं ‘रोहटी’ हें आपल्या लोकांच्या तोंडचें नांव दिलें. अशा देशी जातींचें घर आपले ओढे व डोह हेंच आहे. तें परक्या माशांस देऊन टाकण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

तसेंच मत्स्यगृहासाठीं डोंगरी ओढ्यांतील रंगीत मासे बेसुमार पकडूं नयेत. केरळांतील डेनिसन नांवाचा लाल पट्ट्याचा सुंदर मासा परदेशी शौकिनांसाठीं इतका धरला गेला कीं आज तो संकटांत सांपडलेल्या जातींत गणला जातो. उरलेले मासे दुकानदारास, शाळेस किंवा दुसऱ्या पाळणारास द्यावे.

खर्च व काळवेळ

खर्चाचा आंकडा जागोजाग बदलतो, म्हणून येथें दिला नाहीं. परंतु त्याचा क्रम सांगतां येतो. मांडणी, टाक्या, साठा, हवा व विजेची सुरक्षितता ह्यांवर आधीं खर्च व्हावा. माशांवरील खर्च सर्वांत शेवटीं व सर्वांत थोडा असावा. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत परसांतील शोभेच्या माशांच्या संगोपनास ३ लाख रुपये नियत खर्च धरून सर्वसाधारण वर्गास शेंकडा ४० व अनुसूचित जातिजमाती व स्त्रिया ह्यांस शेंकडा ६० साहाय्य ठेविलें होतें. सध्यां कोणतें साहाय्य मिळतें ह्याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत करून मगच खर्चास हात घालावा. साहाय्य मिळेल ह्या भरंवशावर कर्ज मात्र काढूं नये.

कामाची वेळ शेतीच्या सवडीप्रमाणें अशी साधतां येईल. फाल्गुनांत सुगी आटोपली कीं खोलीची डागडुजी व मांडणी करावी. चैत्रांत टाक्या भराव्या. त्या दिवसांत उष्णता असल्यानें जंतु लवकर वाढतात. वैशाखाच्या अखेरीस फक्त दोन-तीन टाक्यांत थोडे मासे सोडून पहिला पावसाळा त्यांवरच काढावा. गढूळ पाणी, गेलेली वीज व पेरणीची गडबड ह्यांतून ते मासे सुखरूप निघाले, तर दसऱ्याच्या सुमारास उरलेल्या टाक्या वसवाव्या. न निघाले, तर कोठें उणें पडलें हें वहींत सांपडेल, व नुकसान दहा-वीस माशांपलीकडे जाणार नाहीं. पहिल्या हंगामांत संबंध रानांत नवें बियाणें न टाकतां एका वाफ्यांत तें पाहून घेणारा शेतकरी ह्या कामींही मागें पडणार नाहीं.